सिस्टिक फायब्रोसिस: घरच्या वहीपासून पीएफटीपर्यंत, फुफ्फुसांवर नजर कशी ठेवायची

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, असलेल्या मुलाचं फुफ्फुस एका रात्रीत खराब होत नाही. ते थोडंथोडं जातं, आणि पोरगं हसतखेळत असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. खोकला रोजचाच, त्यामुळे घरच्यांचे कान त्याला सरावतात. शेजारची बाई म्हणते, "आज जास्त खोकतोय का हो?" तेव्हा कुठे आपण दचकतो. हा लेख अशा सरावलेल्या कानांसाठी आहे.

मी डॉक्टर नाही. नागपुरात राहणारी, सीएफ असलेल्या मुलीची आई आहे. म्हणून इथे औषधांचे डोस मिळणार नाहीत. काय मोजायचं, कसं मोजायचं, कुठे लिहायचं आणि कोणत्या आकड्यावर फोन उचलायचा, एवढंच मिळेल.

आजाराबद्दल थोडक्यात, कारण पुढचं त्यावर उभं आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये दोष असतो. हा जीन १९८९ मध्ये सापडला. दोषामुळे पेशींमधून क्षार आणि पाणी नीट ये-जा करत नाही, श्वासनलिकेतला कफ चिकट होतो, त्यात जंतू घर करतात, सूज येते आणि नळ्या कायमच्या रुंद व ढिल्या होत जातात. आपल्याकडे निदान व्हायला उशीर लागतो. बऱ्याच मुलांना आधी दम्याचे पंप मिळतात, काहींचा टीबीचा कोर्सही होऊन जातो. पापी घेतली की खारट लागणारं, भूक असून वजन न धरणारं, सतत छाती भरणारं बाळ असेल तर घामाची टेस्ट मागून घ्या. घामात क्लोराइड लिटरला ६० मिलीमोल किंवा त्याहून जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं, ३० ते ५९ आलं तर पुढे जीनची तपासणी.

पायरी पहिली: मूल बरं असताना मोजा

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. ऑक्सिमीटर घरात असतो, पण तो बाहेर निघतो मूल आजारी पडल्यावर. मग ९५ दिसतात आणि चर्चा सुरू होते, ९५ चांगले की वाईट? नेहमी ९९ असणाऱ्या मुलीचे ९५ आणि नेहमी ९५ असणाऱ्याचे ९५, यांचा अर्थ वेगळा. म्हणून मूल ठणठणीत असेल असे दोन आठवडे निवडा आणि त्याचं 'नेहमीचं' लिहून काढा. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी. शेजारच्या मुलाशी नाही, पुस्तकातल्या आकड्याशी तर नाहीच.

साधी लांब वही घ्या. ॲप चालतं, पण घरात आजी, बाबा, मावशी असे चार जण मूल सांभाळतात तिथे फ्रिजवर ठेवलेली वही जास्त टिकते. त्यात एवढं पुरे:

- झोपेतला श्वास, मिनिटाला किती
- ऑक्सिजन आणि नाडी, शांत बसलेलं असताना
- खोकला: रात्री उठवतो का, हसल्यावर येतो का, सकाळी किती वेळ चालतो
- कफ किती आणि कोणत्या रंगाचा
- वजन, पंधरा दिवसांतून एकदा
- नेहमीचा जिना चढताना कुठे थांबतं

लहान बाळांसाठी झोपेतला श्वास हा सर्वांत भरवशाचा घरगुती आकडा, कारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकायची फुफ्फुसांची टेस्ट) सहसा जमत नाही. गाढ झोप लागली की झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा, पोट वर आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मुलांचा श्वास मध्येच भराभर चालतो, मध्येच थबकतो, त्यामुळे आकडा भलताच येतो. मोजताना बरगड्यांच्या मधली आणि गळ्याखालच्या खळग्यातली कातडी आत ओढली जातेय का, तेही बघा. ती ओढली जात असेल तर आकडा काहीही असो, डॉक्टरांना कळवायचं.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं. डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे बोटं गार पडतात आणि आकडा उगाच कमी दिसतो. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट, नाहीतर पायाचा अंगठा. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या, पहिला चमकलेला आकडा लिहू नका. आणि एक लक्षात ठेवा: ऑक्सिजन हा उशिरा पडणारा आकडा आहे. फुफ्फुसाची ताकद बरीच घसरलेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो. "ऑक्सिजन तर चांगलाय" हे वाक्य आमच्या घरी बंद आहे.

पायरी दुसरी: फुंकायची टेस्ट

पाच-सहा वर्षांपासून स्पायरोमेट्री, म्हणजे सगळे जिला पीएफटी म्हणतात ती. मूल बरं असलं तरी दर तीन महिन्यांनी आणि आजारी पडलं की मध्येही. यात मुख्य आकडा एफईव्ही१, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली. तो दोन प्रकारे छापलेला असतो: लिटरमध्ये आणि त्या वयाच्या, उंचीच्या मुलाकडून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या टक्क्यांत.

टेस्ट चांगली झाली का, हे आईबापांनाही कळू शकतं. मूल ताठ बसलेलं, पाय जमिनीला टेकलेले, नाकाला चिमटा. श्वास अगदी तुडुंब भरलेला, ओठ नळीभोवती घट्ट, सुरुवात धाडकन आणि शेवट पूर्ण रिकामं होईपर्यंत. मध्ये खोकला आला तर ती फुंक बाद. निदान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही१ मध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १०० मिलिलिटर. टेक्निशियन घाईत असेल आणि एकाच फुंकेवर "झालं" म्हणाला, तर नम्रपणे पण ठामपणे आणखी दोन मागा. माउथपीस आणि फिल्टर नवा आहे ना, हेही बघा.

दर वेळी परिस्थिती सारखी ठेवा. एकदा सकाळी फिजिओ (कफ सुटावा म्हणून करायचा छातीचा व्यायाम) करून आणि एकदा संध्याकाळी न करता काढलेले आकडे शेजारीशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. टेस्टआधी पंप घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मग तेच पाळा.

आता टक्क्यांची गंमत. समजा, मुलीची एफईव्ही१ १.५० लिटर आहे आणि तिच्या उंचीला अपेक्षित १.७० लिटर. म्हणजे ८८ टक्के. वर्षभराने पुन्हा १.५० लिटरच आली. घरी सगळे खूश, "तेवढीच आहे, कमी नाही झाली." पण मुलगी वाढली, अपेक्षित आकडा १.८५ झाला आणि टक्के उतरले ८१ वर. वाढत्या वयात लिटर जागेवर थांबणं म्हणजेच घसरण. म्हणून दर वेळी चप्पल काढून उंची मोजायला लावा. मागच्या भेटीची उंची तशीच टाकली तर ही घसरण कागदावर दिसतच नाही.

दुसरा घोळ मशीनच्या सेटिंगचा. एका ठिकाणी 'इंडियन' निवडलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी 'कॉकेशियन'. त्याच मुलाची तीच फुंक भारतीय प्रमाणाशी ताडली तर टक्के जास्त दिसतात, गोऱ्यांच्या प्रमाणाशी ताडली तर कमी. धंतोलीतून रामदासपेठेत लॅब बदलली आणि मुलाचे टक्के वाढले, तर पेढे वाटण्याआधी रिपोर्टच्या डोक्यावर कोणतं प्रमाण लिहिलंय ते वाचा. शक्यतो एकच लॅब, एकच मशीन. ते जमलंच नाही तर लिटर आणि उंची वहीत लिहा, त्या खोटं बोलत नाहीत.

घरी वापरायचे छोटे स्पायरोमीटर मिळतात. परवडत असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी. घरचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून घरचा घरच्याशीच ताडायचा. स्वस्तातलं पीक फ्लो मीटर मात्र या कामाला पुरत नाही. ते मोठ्या नळ्यांबद्दल सांगतं आणि सीएफची सुरुवात बारीक नळ्यांमध्ये होते.

पायरी तिसरी: कफाचं कल्चर

दर तीन महिन्यांनी कल्चर (कफातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी), मूल बरं असलं तरी. कारण स्युडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू पहिल्यांदा येतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, आणि नेमका तेव्हाच तो पूर्ण घालवता येण्याची संधी असते. एकदा त्याने चिकट थर धरून मुक्काम ठोकला की तो जात नाही, फक्त दाबून ठेवावा लागतो. वर्षभरातल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांत तो दिसला तर डॉक्टर त्याला कायमचा मानतात. म्हणून 'पहिल्यांदा' ही तारीख वहीत लाल पेनाने.

नमुना द्यायची रीत:

१. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. एक डोस झाल्यावर दिलेला नमुना पुष्कळदा फसवा निघतो.
२. सकाळी फिजिओ करून, साध्या पाण्याने चूळ भरून. छातीतून आलेला कफ हवा, तोंडातली लाळ नको.
३. कफ थुंकता न येणाऱ्या मुलांमध्ये घशाच्या मागे काडी धरून खोकायला लावतात. ते नीट होत नसेल तर खारट पाण्याचं नेब्युलायझेशन देऊन कफ सोडवतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण त्याने कधीकधी छाती आवळते.
४. डबी दोन तासांत लॅबमध्ये. तेवढ्यात शक्य नसेल तर फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना देऊन उपयोग नाही. बर्फाची पिशवी घातलेला टिफिन न्या.
५. फॉर्मवर ठळक लिहून घ्या: "सिस्टिक फायब्रोसिसचा पेशंट. स्युडोमोनास, बर्खोल्डेरिया, स्टॅफ आणि बुरशीसाठी बघावे."

पाचवा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत जास्त फरक त्याने पडतो. बर्खोल्डेरियासारखे जंतू हळू वाढतात, त्यांना खास माध्यम लागतं आणि प्लेट जास्त दिवस ठेवावी लागते. फॉर्मवर फक्त 'खोकला' लिहिलेलं असेल तर लॅब नेहमीच्या पद्धतीने दोन दिवसांत 'नॉर्मल फ्लोरा' (म्हणजे नेहमीचेच निरुपद्रवी जंतू) छापून मोकळी होते. आमच्याकडे एका लॅबचा असा रिपोर्ट आला होता. फोन करून आजाराचं नाव सांगितल्यावर पुढचा नमुना त्यांनी वेगळा लावला. मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांशी थेट बोलता आलं तर जरूर बोला. लोक सांगतात त्यापेक्षा ते खूप मदत करतात.

जंतूंवरूनच आणखी एक. दोन सीएफ मुलांनी शेजारी बसायचं नाही. हे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. वेटिंग रूममध्ये दुसरं सीएफ मूल असेल तर निदान सहा फूट अंतर आणि मास्क. पालकांनी एकमेकांना भेटावं, चहा प्यावा, मुलांना मात्र वेगळं ठेवावं. मुलांना हे समजावणं जड जातं, पण इथे मऊ पडू नका.

पायरी चौथी: 'वाढलंय' कधी म्हणायचं

ताप येईलच असं नाही. बऱ्याचदा येत नाही. ताप नाही म्हणून आठ दिवस थांबणं हे मी ओळखीच्या घरांमध्ये वारंवार बघते.

वहीतल्या नेहमीच्या नोंदीपेक्षा खालीलपैकी दोन-तीन गोष्टी दोन दिवसांहून जास्त टिकल्या तर फोन करा: रात्रीचा खोकला, कफ वाढणं किंवा पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा होणं, जेवण टाकणं, वजन उतरणं, नेहमीच्या जिन्यात थांबावं लागणं, "शाळेत नाही जात" म्हणणं. आणि पीएफटीत एफईव्ही१ गेल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम आकड्याच्या दहा टक्क्यांनी खाली आली तर बाकी काही नसलं तरी. सर्वोत्तम ८० असेल तर ७२ ही रेघ. तुलना मागच्या भेटीशी करू नका. ८० वरून ७७, ७७ वरून ७४, ७४ वरून ७२ असं उतरताना प्रत्येक वेळी "थोडंसंच कमी आहे" हेच ऐकू येतं.

औषधं संपली की काम संपलं असंही नाही. कोर्सनंतर पीएफटी पुन्हा करायलाच हवी. शिरेतून अँटिबायोटिक घेऊनही साधारण चारपैकी एका पेशंटची एफईव्ही१ पूर्वीच्या पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंतही परत येत नाही, हे मोठ्या पाहणीत दिसलं आहे. मुलाला बरं वाटतंय, पण आकडा परतला नाही, तर विचारायचे प्रश्न ठरलेले: कल्चरमध्ये दुसरा जंतू आहे का? बुरशीची ॲलर्जी आहे का? साखर वाढलीय का? फिजिओ खरंच होतेय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरातच मिळतं.

सीएफटीआरच्या दोषावरच काम करणारी, एलेक्साकाफ्टर असलेली तीन औषधांची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. ती घेणाऱ्यांचा खोकला आणि कफ झपाट्याने कमी होतो. छान आहे, पण मग नमुना मिळेनासा होतो आणि तपासण्या टळतात. त्यांनीही पीएफटी आणि कल्चर सोडू नये. शिवाय लिव्हरच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा.

वर्षातून एकदा

एक्स-रे बहुतेक ठिकाणी दरवर्षी काढतात. सीटी स्कॅन जास्त बारीक दाखवतो, पण रेडिएशनमुळे दर वेळी नको. दोन-तीन वर्षांनी किंवा काही अडलं तरच, आणि 'लो डोस' असा शब्द वापरून मागा.

रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन) दरवर्षी. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी झाली की ते वाढतं, छातीत घरघर वाढते, तपकिरी गुठळ्या पडतात आणि अँटिबायोटिकने फरक पडत नाही. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी. नुसत्या एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सीएफमधला मधुमेह सुटून जातो. साखर बिघडायला लागली की फुफ्फुस आणि वजन दोन्ही आधीच खाली यायला लागतात, म्हणून ही तपासणी या लेखात आहे.

कफ देता येणाऱ्यांनी वर्षातून एकदा एनटीएमसाठी (टीबीच्या जंतूचे भाऊबंद, पण टीबी न करणारे) कल्चर द्यावं. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दीर्घकाळ सुरू करायच्या आधी तर नक्कीच. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. कफाच्या स्लाइडवर 'एएफबी पॉझिटिव्ह' (टीबीसारखे दिसणारे जंतू सापडले) आलं की सगळ्यांच्या तोंडी टीबीच येतो. पण एनटीएमही स्लाइडवर तसेच दिसतात. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जीन तपासणी) आणि कल्चर करून नेमका जंतू कोणता, हे ठरल्यावरच उपचाराची दिशा ठरवायला सांगा.

नागपूरचा उन्हाळा

पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सीएफच्या मुलाच्या घामातून मीठ भसाभस निघून जातं. पाणी आणि मीठ कमी पडलं की कफ आणखी घट्ट होतो, आणि रक्तातलं पोटॅशियम उतरून मूल गळून जातं. एप्रिल ते जून वहीत दोन रकाने जास्त: लघवी किती वेळा आणि जादा मीठ, ओआरएस किती. किती द्यायचं ते डॉक्टरांकडून मार्चमध्येच लिहून घ्या. नुसतं पाणी पाजत राहणं पुरत नाही. उन्हाळ्यात उलट्या, सुस्ती आणि वजनात एकदम घट दिसली तर ती 'लू लागली' म्हणून कांद्यावर भागवायची गोष्ट नाही. त्याच दिवशी दवाखाना आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातल्या क्षारांची तपासणी).

कूलरबद्दल बोलल्याशिवाय नागपूरचा लेख पुरा होत नाही. टाकीतलं साचलेलं पाणी स्युडोमोनासला मानवतं आणि ओल्या खसात, वूडवूलमध्ये बुरशी धरते. जमत असेल तर मुलाच्या खोलीत एसी. नसेल तर टाकी रोज रिकामी करून घासून कोरडी करा, गवत दर मोसमाला नवं घ्या आणि मुलाचं अंथरूण थेट झोतात लावू नका. जुनी टाकी पहिल्यांदा उघडायचं आणि खस झटकायचं काम मूल शाळेत असताना. नेब्युलायझरच्या कपालाही हाच न्याय: दर वेळी धुवायचा, रोज पाच मिनिटं उकळायचा, हवेवर पूर्ण वाळवायचा. ओला कप डबीत बंद करून ठेवला की जंतू आपणच पाळतो.

त्याच दिवशी, आणि लगेच

छातीत एकदम एका बाजूला कळ आणि धाप लागली तर ती फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची खूण असू शकते. पीएफटी करायची नाही, थेट इमर्जन्सी. ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, मूल पेंगणं, बसल्याजागी ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चारने खाली: लगेच. कफात रक्ताची पहिली रेघ दिसली तरी फोन करायचा. चहाचा एक चमचा किंवा त्याहून जास्त, म्हणजे ५ मिलिलिटरच्या पुढे गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं. कप भरेल एवढं रक्त आलं तर फिजिओ आणि खारट पाण्याचं नेब्युलायझेशन थांबवून सरळ हॉस्पिटल गाठा.

फाईल

सीएफ रोज बघणारे डॉक्टर मोजके आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीमध्ये या आजारावर बरीच वर्षं काम चाललं आहे, आणि नागपूरहून दिल्ली आणि काटपाडी (वेल्लोरजवळचं स्टेशन) दोन्हीकडे थेट गाड्या आहेत. बहुतेक घरांची व्यवस्था अशी बसते: वर्षातून एक-दोनदा मोठं केंद्र, बाकी वेळ इथले बालरोग किंवा छातीचे डॉक्टर. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे तुमची फाईल. पहिल्या पानावर जीनच्या रिपोर्टची प्रत, सर्वोत्तम एफईव्ही१ तारखेसह, आजवर आलेले जंतू आणि चालू औषधं. त्याखाली पीएफटीचा एकच तक्ता: तारीख, उंची, लिटर, टक्के, कोणतं मशीन. मग कल्चर रिपोर्ट तारखेच्या क्रमाने. पीएफटीच्या काही मशीनमधून पेट्रोल पंपाच्या पावतीसारखा चकचकीत कागद निघतो, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. दवाखान्यातून बाहेर पडल्यापडल्या त्याची झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटोही घेऊन ठेवा.